बोलत राहा, आप्पा

नोकरीत तुम्ही सगळ्यात जास्त वेळा कोणतं वाक्य म्हटलं, असं कोणी विचारलं तर मला डोकं खाजवावं लागणार नाही. 'बोलत राहा, आप्पा.' पोरांना मी इतक्या वेळा 'अभ्यास करा' म्हटलं नसेल.

आप्पा म्हणजे शिवलिंगआप्पा. मूळचे निलंग्याकडचे. आमच्या संस्थेचे दोन मोठे दवाखाने, एक नांदेडला, एक लातूरला. शिवाय हिमायतनगर, धर्माबाद, उदगीर अशा ठिकाणी छोटी केंद्रं. या सगळ्यांना जोडणारं कॉम्प्युटरचं जाळं नांदेडच्या टोकाला मी सांभाळायचो आणि लातूरच्या टोकाला आप्पा. आम्ही थोड्याच अंतराने निवृत्त झालो. माझ्या निरोपाच्या कार्यक्रमात मला शाल, श्रीफळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आयुष्यभर वेळेवर हजर राहिलेल्या माणसाला घड्याळ का देतात, ते देणारेच जाणोत.

या वर्षी नागपंचमीच्या आधी लातूरहून आप्पांच्या घरचा फोन आला. बोलत होत्या वहिनी.

"भाऊजी, यांना तुम्हीच काही सांगा. रिटायर झाल्यापासून नुस्ते गप बसून हायेत. चहा घेता का म्हटलं तर मान हलवतेत. डॉक्टरला दाखवलं, तब्येतीला काही झालं न्हाई म्हणले. अन् इकडं आमची गौरी पंचमीला यायचं म्हणून राहिली. हे हो बी म्हणत न्हाईत अन् न्हाई बी म्हणत न्हाईत."

गौरी त्यांची एकुलती एक लेक. तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं आणि बिदरला संसार मांडला. त्यानंतर ती माहेरी आली नव्हती, एवढं मला माहीत होतं.

"यांच्या तोंडून एक 'ये' निघालं तर पोरगी उडत येईल. तिला आईचं बोलावणं नको, बापाचं पाहिजे," वहिनी म्हणाल्या.

मी म्हणालो, "वहिनी, पण आप्पा आणि गप? ते तर केवढे बोलायचे."

मग त्यांनी विचारलं, "कोण? हे?"

"हो. रोज बोलायचे की माझ्याशी."

"लग्नाला इतकी वर्षं झाली भाऊजी, हे घरात कामापुरतं बोलतेत. भाजीत मीठ कमी हाय एवढं म्हणले तरी मला सणावाणी वाटतं."

मी फोन ठेवला. ज्या माणसाच्या बोलण्याने माझे कान किटले होते तो घरी मुका होता. हे कोडं नाही, याचं कारण मला पुरतं ठाऊक होतं. पण ते वाचकांना कळायचं तर आमचा धंदा थोडा समजून घ्यावा लागेल.

राउटर म्हणजे चौकात उभा असलेला हवालदार. कोणती माहिती कोणत्या रस्त्याने जायची, हे तो ठरवतो. त्याला हुकूम द्यायचा तर आमच्या काळात काळ्या पडद्यावर अक्षरं टाइप करावी लागत. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. लुकलुकणारी एक उभी रेघ आणि तुम्ही. तुम्ही बरोबर लिहिलं तर राउटर काहीच बोलत नाही, गुपचूप ऐकतो. चुकलं तरच बोलतो. असा स्वभाव मला माणसांमध्येही आवडतो, पण घरात तो चालत नाही.

दवाखान्याचं जाळं बंद पडून भागत नाही. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या जागी आम्ही एकाऐवजी दोन राउटर ठेवायचो. आप्पांनी त्यांना नावं दिली होती, थोरला आणि धाकला. काम थोरला करतो. धाकला बाजूला उभा असतो, पण झोपलेला नसतो. थोरला दर थोड्या सेकंदांनी त्याला कळवतो, 'मी आहे.' पुन्हा कळवतो, 'मी आहे.' हे कळवणं ज्या क्षणी थांबतं त्या क्षणी धाकला समजतो की थोरल्याचं काही खरं नाही, आणि त्याचा कारभार स्वतःकडे घेतो. खिडकीवर नाव नोंदवणाऱ्या मुलीला पत्ताही लागत नाही. सगळं ठीक चाललं तर आमच्या कामाचा कोणाला पत्ताच लागायचा नाही.

आता ही अदलाबदल नीट होते का, हे तपासायचं कसं? पडद्यावर आकडे दिसतात, खुणा दिसतात. पण आम्हा दोघांची एक वेगळी रीत होती, आणि ती रीत मी दुसऱ्या कुठल्याही ऑफिसात पाहिली नाही. आमच्या टेबलावरचे फोन याच जाळ्यावरून चालायचे. मोबाईलवर बोलून उपयोग नव्हता, कारण त्याची वाट वेगळी. मी नांदेडहून टेबलावरच्या फोनवरून आप्पांना फोन लावायचो, स्पीकर चालू करायचो, हात मोकळे करायचो आणि म्हणायचो, "बोलत राहा, आप्पा."

आणि आप्पा बोलत राहायचे. मी हुकूम लिहायचो, मुद्दाम थोरल्याची वायर काढायचो, आणि कान लावून बसायचो. आवाजात खंड किती पडला, यावरून काम कळायचं. सुरुवातीला अख्खं वाक्य गायब व्हायचं. मग आम्ही थोरल्याला जरा लवकर-लवकर 'मी आहे' म्हणायला लावलं, तेव्हा दोनच शब्द जायला लागले. पुढे पुढे तर एखादा शब्द अर्धा कापला जायचा, बस. आम्ही रिपोर्टमध्ये सेकंद लिहायचो, पण आमचं खरं माप ते होतं. "किती गेलं?" आप्पा विचारायचे. "एक शब्द," मी म्हणायचो. "कोणता?" ते कधी विचारायचे नाहीत.

काम झालं की मी "झालं" म्हणायचो आणि ते "आयतु" म्हणायचे. निलंग्याच्या पुढे कर्नाटक लागतं, तिकडे झालं या शब्दाला आयतु म्हणतात. मग फोन बंद. त्यांचं बोलणं जिथे असेल तिथे तुटायचं. मी त्यांची एकही गोष्ट शेवटपर्यंत ऐकली नाही. शेवटपर्यंत कशाला, सुरुवातही ऐकली नाही. मला शब्दांशी देणंघेणं नव्हतं, शब्दांमधल्या भेगांशी होतं. गाणं तपासायला बसलेला माणूस जसा नुसता तबल्याचा ठेका ऐकतो, तसं.

धर्माबादचा प्रसंग सांगतो. सीमेवरचं गाव, मोंढा म्हणजे धान्याचा बाजार मोठा, आणि वीज येणार-जाणार. एका उन्हाळ्यात तिथलं केंद्र अर्ध्या-अर्ध्या तासाने बंद पडू लागलं. दोन राउटर असून ही गत. मला नांदेड सोडता येत नव्हतं, म्हणून आप्पा लातूरहून तिथे जाऊन बसले आणि मी नांदेडहून बघत होतो. लक्षात आलं की वीज गेली की थोरला बंद पडतो आणि धाकला काम घेतो, इथवर ठीक. पण वीज आली की थोरला उठतो आणि उठल्या-उठल्या आपली गादी परत मागतो. आम्हीच त्याला तसा हुकूम देऊन ठेवला होता. तो गादीवर बसतो तोवर त्याची पुढची लाइन जागी झालेली नसते. म्हणजे कारभारी हजर, पण त्याच्या हाताला काहीच नाही. त्यात पुन्हा वीज जाते. दोन भावांच्या ओढाताणीत केंद्र बसलं होतं.

आप्पा फोनवर म्हणाले, "कदमसाहेब, दवाखान्यातून घरी आणलेल्या माणसाला लगेच औताला जुंपता का हो? जरासंक बाजेवर बसू द्या की त्याला."

त्यासाठी एक हुकूम आहे. थोरला उठला तरी थोडा वेळ थांबेल, घरातलं सगळं जागेवर आहे का पाहील, मगच कारभार मागेल. तो लिहिला आणि धर्माबाद शांत झालं. पुढे मी नव्या पोरांना शिकवताना आप्पांची बाज सांगायचो. त्यांना पुस्तकातली व्याख्या आठवायची नाही, पण बाज आठवायची.

दुसरा भाग अग्रक्रमाचा. रस्ता एकच आणि जाणारे शंभर. पुढे कोण जाणार? लग्नाच्या पंगतीत आधी कोणाला बसवायचं यावरून जेवढी भांडणं होतात, तेवढीच या विषयावरून होतात. आम्ही चार वर्ग केले होते: पहिला मान आवाजाला, कारण आवाज थांबू शकत नाही. अर्ध्या सेकंदाने उशिरा आलेला शब्द म्हणजे शब्दच नव्हे. दुसरा मान डॉक्टरांच्या एक्स-रे आणि सोनोग्राफीला. मग नोंदणी, औषधं, हिशेब. आणि शेवटी बाकी सगळं, ज्यात कर्मचाऱ्यांची करमणूक येते.

आमच्याकडे एक व्यवस्थापक आले होते. गडी वाईट नव्हता, पण त्यांना आपल्या खोलीतलं सगळं पहिल्या वर्गात पाहिजे होतं. त्यांना दिलं, तर विभागप्रमुखांनी मागितलं. मग भांडारवाल्यांनी. शेवटी लेखी हुकूमच आला, सगळ्यांना पहिला वर्ग द्या. मी दिला. दुपारपर्यंत फोनवरचे आवाज डब्यात खडे हलवल्यासारखे यायला लागले. आप्पांचा फोन आला, तोही खडखडतच. "सगळेच नवरदेव झाल्यावर वरातीत चालायचं कोणी, कदमसाहेब?" मी ते वाक्य जसंच्या तसं व्यवस्थापकांना ऐकवलं. ते हसले, आणि स्वतःहून तिसऱ्या वर्गात गेले. अशी माणसं आता भेटत नाहीत.

आणि एक हिमायतनगरचा दिवस. तो मी विसरू शकत नाही, कारण तो माझा मुलूख. माझं गाव तिथून जवळच, भावांची शेती अजून तिथे आहे. त्या केंद्राला आम्ही दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन घेतल्या होत्या. एक तुटली तर दुसरी. मोठ्या अभिमानाने. मग रस्ता रुंद करायचं काम निघालं आणि जेसीबीच्या एकाच घासात दोन्ही लाइन गेल्या. तिथल्या माणसाने जाऊन पाहिलं तर दोन्ही कंपन्यांच्या नळ्या एकाच चरात, एकमेकींना खेटून. आप्पांना कळवलं तेव्हा ते म्हणाले, "दोन जावई केले अन् दोघं एकाच घरातले. रुसले की दोघं संगंच रुसणार."

हसायची वेळ नव्हती. केंद्रात एक बाई अडली होती. तिला नांदेडला हलवायला वेळ नव्हता. तिथली तरुण डॉक्टर नांदेडच्या मोठ्या डॉक्टरबाईंना फोनवर विचारत विचारत काम करणार होती, आणि त्या दिवशी तिथे मोबाईलची रेंजही धड नव्हती. गच्चीवर सिमकार्डाची एक डबी बांधलेली होती, तिच्यातून बारीकशी लाइन मिळाली. पाण्याचा नळ बोटाएवढा, आणि भांडी घेऊन अख्खं गाव उभं. मी एकेक वर्ग बंद करत गेलो. करमणूक बंद, हिशेब बंद, नोंदणी बंद. नोंदणीच्या मुलीने वैतागून फोन आपटला असणार, पण तो फोनही मी बंद केलेला होता. उरला फक्त त्या दोन डॉक्टरांचा आवाज.

पडद्यावर एक आकडा दिसतो, आवाजाचे किती तुकडे वाटेत सांडले. मी त्या आकड्याकडे बघत बसलो. तो शून्य होता आणि शून्यच राहिला. त्या दोघी काय बोलल्या, मला माहीत नाही. आवाज तुटला नाही, एवढंच माहीत आहे. संध्याकाळी कळलं, बाळबाळंतीण खुशाल. पेढे डॉक्टरांना आले, आणि ते रास्तच होतं. नळाला पाणी आलं म्हणून टाकीवाल्याकडे कोणी पेढे नेत नाही. पण मी त्या दिवशी घरी जाताना गोदावरीच्या पुलावर गाडी थांबवून उभा राहिलो, आणि मला फार बरं वाटत होतं. तसं बरं वाटणं नंतर कशातच आलं नाही. खरं सांगतो, मला त्या खोलीची आठवण येते. तिथल्या गार हवेची, पंख्यांच्या घरघरीची, त्या लुकलुकणाऱ्या रेघेची. आता ते सगळं गेलं. आता परगावी बसलेला कोणीतरी रंगीत पडद्यावर बोट ठेवतो आणि हिरवे दिवे लागतात. काम आमच्यापेक्षा चांगलं होत असेल. पण तिथे कोणी कोणाला 'बोलत राहा' म्हणत नाही.

निवृत्त झाल्यावर मी आप्पांना मोबाईलवर फोन करायचो. "कसे आहात?" "हाव, बरा हाय." "पाऊस?" "हाय जरा." मग दोघंही गप. ज्या माणसाशी उभा जन्म बोललो त्याच्याशी बोलायला विषय नव्हता. काम नसताना आम्हाला बोलताच येत नव्हतं. हळूहळू फोन कमी झाले. मला ते लागलं होतं, पण वाटलं, वय झालं, असंच असतं. वहिनींचा फोन आल्यावर कळलं की माझ्या बाजूला नुसतं सुनं सुनं होतं, तिकडे मात्र बोलण्याची एकुलती एक वाट बंद झाली होती.

मी लातूरची बस धरली. बॅगेत कपड्यांबरोबर माझा जुना लॅपटॉप आणि ती निळी चपटी वायर होती, जी राउटरच्या पाठीत खुपसली की काळा पडदा उघडतो. बायको म्हणाली, "आजारी माणसाला भेटायला चालला की दुरुस्तीला?" मी म्हणालो, बघू.

आप्पा ओसरीवर बसले होते. वाळलेले दिसले. मला पाहून उठले, हात धरला आणि शेजारी बसवलं. वहिनींनी धपाटे आणि दही आणून ठेवलं. आम्ही जेवलो. मी बोललो, ते माना हलवत राहिले. गौरीचं नाव काढलं तर त्यांनी ताटातल्या दह्याकडे बघितलं.

मी विचारलं, "आप्पा, घरात नेट कसं चालतं?"

त्यांनी हाताने 'बरं चाललंय' असं केलं.

"लाइन एकच?"

त्यांनी एक बोट वर केलं, मग जरा थांबून दुसरं. एक फायबर, एक सिमकार्डाची डबी. निवृत्त झाला तरी माणूस एका लाइनवर कसा जगेल.

"आणि थोरला-धाकला?"

त्यांचे डोळे जरा हलले. ऑफिसातून भंगारात निघालेले लातूरचे दोन जुने राउटर त्यांनी रीतसर अर्ज करून मागून घेतले होते, हे मला माहीत होतं. ते उठले, माळ्यावरून दोन्ही खोकी उतरवली आणि जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायला बसले. वहिनी दारात उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना वाटलं असेल, पाहुण्यालाही लागण झाली.

दुपारभर आम्ही ते काम केलं. वायरी आप्पांनी जोडल्या, त्यांच्या हाताला काही झालं नव्हतं. फायबर थोरल्याला, डबी धाकल्याला, आणि दोघांच्या मागे घरातला वायफाय. मी हुकूम लिहिले. बोटं अडखळतील असं वाटलं होतं, पण ती आपली आपण चालली. थोरल्याला सांगितलं, तुझी लाइन गेली तर मोठेपणा सोड. धाकल्याला सांगितलं, लक्ष ठेव. शेवटी थोरल्यासाठी बाजेचा हुकूमही टाकला.

मग मी म्हणालो, "आप्पा, तपासायला लागेल. तुम्ही मोबाईल घेऊन माडीवरच्या खोलीत जा. तुमचा फोन या वायफायवर, माझा माझ्या स्वतःच्या नेटवर. इंटरनेटवरून लावतो."

ते गेले. जिन्यावर त्यांची पावलं ऐकू आली, दार लोटल्याचा आवाज आला. मी फोन लावला, जुन्या सवयीने स्पीकर चालू करून लॅपटॉपशेजारी ठेवला, आणि म्हणालो, "बोलत राहा, आप्पा."

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या होत्या.

"हां," फोनमधून आवाज आला. घोगरा, गंजलेला. "बोलतो. आज धपाटे केलते. दही जरा आंबट होतं. आंबट चालतं मला. तिला चालत न्हाई, गौरीला. साखर घालून खायची. लहानपणी."

मी थोरल्याची वायर काढली. आवाज गेला. वहिनींनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी हाताने थांबा म्हटलं. थोड्या वेळाने आवाज परत आला, मधूनच.

"...पंचमीला झोका बांधायचो लिंबाला. दोर मी स्वतः बघायचो, तुटतो का. तिची माय म्हणायची, दहादा कामून बघता. मी काही बोललो न्हाई. मला वाटायचं दोर बघितला म्हंजी झालं, बोलायचं काय त्यात."

वायर परत लावली. थोरला उठला, बाजेवर बसला, मग त्याने कारभार मागून घेतला. आवाजात जेमतेम एक भेग पडली. पडद्यावर सगळं जिथल्या तिथे होतं. काम झालं होतं. आता मी 'झालं' म्हणायचं आणि तिकडून 'आयतु' यायचं.

मी 'झालं' म्हटलं नाही.

"ती गेली तवा बी दारात उभी होती," आप्पा सांगत होते. "बाबा, बोला म्हणली. शिव्या द्या पण बोला. मी आत गेलो. राग न्हवता हो मला. शब्दच येईना. तिला वाटलं बापानं तोंड फिरवलं. इतकी वर्षं तिला तेच वाटून राहिलं. तुम्हाला मी हे सांगितलंय कैकदा, धर्माबादच्या टायमाला बी सांगितलं. अन् आता ती विचारून राहिली, येऊ का. यावं की. यावं म्हणतो मी. रोज म्हणतो मनात. लिंब बी हाय, दोर बी नवा आणलाय."

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मग त्या वळल्या, आत गेल्या, आणि मला त्यांच्या मोबाईलची बटणं वाजलेली ऐकू आली. दबक्या आवाजात त्या कोणाला तरी म्हणत होत्या, "गौरे, तुझ्या बाबानं म्हटलं. हाव, तोंडानं म्हटलं. मी ऐकलं की."

इकडे फोनवर आप्पा थांबले होते. मी बराच वेळ काही बोललो नव्हतो, आणि इतका वेळ चाचणी चालत नाही, हे त्यांनाही कळत होतं. धर्माबादच्या वेळी सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. अर्ध्या आयुष्याचं बोलणं माझ्या कानावरून गेलं होतं आणि मी फक्त भेगा मोजल्या होत्या. आणि तरी, किंवा म्हणूनच, ते माझ्याशी बोलले होते.

"कदमसाहेब," माडीवरून आवाज आला, जरा संशयाने. "तुम्ही ऐकून राहिले काय?"

मी काळ्या पडद्यावरच्या त्या लुकलुकणाऱ्या रेघेकडे पाहिलं.

"छे," मी म्हणालो. "मी कशाला ऐकू? तुम्ही बोलत राहा, आप्पा."